दोनदा सील बदलूनही न थांबलेली गळती : १९७४ च्या एअर-कूल्ड कॅम्पर व्हॅनचे एक प्रकरण

जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहणाऱ्या माझ्या एका मित्राकडे १९७४ सालची फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅन आहे. हॅनोव्हरच्या कारखान्यात तयार झालेली आणि वीडेनब्रुक गावच्या वेस्टफालिया कंपनीने आत पलंग, कपाटे, शेगडी आणि वर उघडणारे छप्पर बसवून दिलेली ही गाडी त्याने सहा वर्षांपूर्वी विकत घेतली, तेव्हा तिचे इंजिन नुकतेच खोलून बांधलेले होते. इंजिन मागे आहे. ते १५८४ सीसीचे, दोन-दोन सिलिंडर समोरासमोर आडवे असलेले आणि ५० अश्वशक्तीचे आहे. त्याला रेडिएटर नाही, पाण्याचा थेंबही लागत नाही. पट्ट्यावर फिरणारा पंखा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरच्या फिन्सवर (बाहेरच्या पातळ धातूच्या पात्यांवर) आणि तेल थंड करणाऱ्या ऑइल कूलरवर हवा मारतो, आणि थंड होण्याची सगळी भिस्त त्या हवेवर आणि आत फिरणाऱ्या तेलावर असते.

गेल्या वर्षी ही गाडी दर दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीत नापास झाली. तपासनिसाने इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्याखाली लोंबणारा थेंब दाखवला आणि शेरा लिहिला की तेल ठिबकते आहे. जर्मनीत इंजिन नुसते ओलसर असेल तर किरकोळ नोंद होऊन काम भागते, पण तेल जमिनीवर पडत असेल तर तो मोठा दोष धरला जातो आणि दुरुस्त करून महिन्याभरात फेरतपासणी करून घ्यावी लागते. मित्राची अडचण अशी होती की हीच गळती थांबवण्यासाठी एका गॅरेजमध्ये त्याने दोन वर्षांत दोनदा इंजिन उतरवून फ्लायव्हीलमागचे, म्हणजे इंजिनाच्या टोकावरच्या जड चाकामागचे, मुख्य ऑइल सील (तेल अडवणारे रबरी कडे) बदलून घेतले होते, आणि दोन्ही वेळा काहीशे किलोमीटरनंतर थेंब त्याच जागी परत आला होता. तिसऱ्यांदा तेच करायला तो तयार नव्हता. मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलो, आता जर्मनीतच नोकरी करतो आणि जुन्या इंजिनांवर हात चालवण्याची मला मनापासून आवड आहे, म्हणून त्याने मला बोलावले.

गळती एवढ्या गांभीर्याने का घ्यायची

जुनी गाडी म्हटली की थोडे तेल गळायचेच, असे पुष्कळ लोक समजुतीने बोलतात. मला हे म्हणणे अजिबात मान्य नाही. या इंजिनात एकूण तेल मावते अडीच लिटर. तेवढेच तेल वंगणाचे काम करते आणि उष्णता वाहून नेण्याचेही करते. त्यातले अर्धा-पाऊण लिटर कमी झाले, तर उरलेल्या तेलाला तेच काम जास्त तापून करावे लागते. शिवाय बाहेर आलेले तेल सिलिंडरच्या आणि कूलरच्या फिन्सवर पसरते, त्यावर रस्त्याची धूळ बसते, आणि काही महिन्यांत फिन्सच्या मधल्या फटी चिकट काळ्या थराने भरून जातात. मग हवा मारली तरी ती धातूपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे गळतीमुळे इंजिन तापते, तापलेले तेल पातळ होते आणि पातळ तेल आणखी गळते. त्यातच क्रँककेस, म्हणजे इंजिनाची मुख्य पेटी, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. मॅग्नेशियम तापल्यावर पोलादाच्या दुपटीने प्रसरण पावते, त्यामुळे पोलादी स्टड (आट्यांचे खिळे) आणि त्यांनी आवळलेले सांधे गरम इंजिनात वेगळे वागतात. थंड असताना कोरडा दिसणारा सांधा घाट चढून आल्यावर ओला होतो, तो यामुळे.

तिसरी गोष्ट हीटरची. या गाडीत एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती पत्र्याची पेटी असते, पंख्याची हवा त्या पेटीतून गरम होऊन गाडीच्या आत येते. पेटीवर तेल पडले की त्याचा धूर तुमच्या मुलाबाळांच्या नाकात जातो. पहिल्या दिवशी मी गाडीखाली वाकून पाहत असताना वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, एक सांगू का? हिवाळ्यात सकाळी निघालं की दहा-पंधरा मिनिटांनी कढईत तेल करपल्यासारखा वास येतो. मग तासाभराने आपोआप जातो. उन्हाळ्यात कधीच नाही येत." मी मान हलवली आणि पुढच्या कामाला लागलो. या एका वाक्यात अर्धे निदान होते, हे माझ्या लक्षात यायला दहा दिवस गेले.

आधी पाहणे, मग पाना

पहिले काम वासाचे केले. सांध्याखालचा थेंब बोटावर घेऊन हुंगला. गिअरबॉक्सच्या तेलाला गंधकाचा उग्र वास असतो आणि तो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. इथे तो नव्हता, म्हणजे गिअरबॉक्सचे सील या प्रकरणातून सुटले. मग डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) काढून हुंगली. या इंजिनाच्या यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये उतरते, तेल पातळ होते, पातळी वाढते आणि चांगली सीलेही गळू लागतात. पेट्रोलचा वास नव्हता, पण पातळी वरच्या खुणेच्या पुढे होती. मित्र प्रत्येक प्रवासाआधी "असू दे थोडे जास्त" म्हणून तेल ओतत होता. जास्तीचे तेल काढून पातळी खुणेवर आणली.

मग इंजिन थंड असताना ग्रीस घालवणारे द्रावण आणि ब्रश घेऊन खालची बाजू पूर्ण धुतली. या पायरीला आम्ही दोघांनी अख्खा शनिवार दिला आणि तो वेळ मला मुळीच वाया गेलेला वाटत नाही, कारण सहा वर्षांच्या चिखलाखालून गळतीचे मूळ शोधणे कोणालाच शक्य नसते. वाळल्यावर सगळ्या सांध्यांवर लहान मुलांची पावडर फुंकली आणि पंधरा किलोमीटर फिरून आलो. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट ओघळासारखी स्पष्ट उमटते. वाचताना नियम एकच पाळायचा की ओघळाच्या खालच्या टोकाकडे पाहायचे नाही, सर्वांत वरची ओली जागा शोधायची. तेल खाली वाहते, पंख्याची हवा त्याला बाजूला ढकलते आणि थेंब पडतो तिसऱ्याच ठिकाणी.

चार जागा ओल्या निघाल्या. क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाची पुली, उजवीकडच्या एका पुशरॉड ट्यूबचे (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांडीभोवतीच्या नळीचे) आतले टोक, खालच्या तेलगाळणीची गोल प्लेट आणि गिअरबॉक्सचा सांधा. एकाच इंजिनात चार ठिकाणी एकदम गळती असेल, तर मी सीलांवर संशय घेण्याआधी आतल्या दाबावर घेतो. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा वायू नेहमीच क्रँककेसमध्ये उतरतो आणि त्याला ब्रीदरच्या नळीने एअर क्लीनरकडे वाट दिलेली असते. ती वाट बंद झाली तर वायू मिळेल त्या फटीतून बाहेर पडतो आणि जाताना तेल घेऊन जातो. पुलीच्या टोकाला तर या इंजिनात सीलच नाही. तिथे तेल झटकणारी एक चकती आणि पुलीच्या दांड्यावर कोरलेले उलटे आटे असतात, जे फिरताना तेलाला आत परत ढकलतात. ही रचना साधी आणि टिकाऊ आहे, पण आत दाब वाढला की तिचा उपयोग राहत नाही.

तपासायला यंत्र लागले नाही. डिपस्टिकच्या नळीला एक पारदर्शक प्लास्टिक नळी बसवली, तिचा यू आकार करून त्यात पाणी भरले आणि इंजिनाचा वेग हळूहळू वाढवला. पाण्याच्या दोन पातळ्यांमध्ये वीतभर अंतर पडले. ब्रीदरची नळी काढून पाहिली, तर बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या रबराचा आतला थर तेलाने फुगून सुटला होता आणि वाटेत जिभेसारखा आडवा आला होता. तेलाला टिकणारी योग्य जाडीची नवी नळी लावताच पाण्यातले अंतर दोन बोटांवर आले. खात्रीसाठी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, मोजले. सगळे ८ बारच्या वर आणि एकमेकांच्या जवळ होते, म्हणजे रिंगा शाबूत होत्या. त्यानंतर शंभर किलोमीटर चालवून पाहिले. पुली कोरडी झाली. बाकी तीन जागा मंदावल्या, पण थांबल्या नाहीत, आणि सांध्याखालचा थेंब तर होता तसाच होता.

इंजिन उतरवल्यावर

आता इंजिन खाली घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. बॅटरी सोडवली, पेट्रोलची नळी चिमट्याने बंद केली, वायरींना चिकटपट्टीवर नावे लिहून लावली आणि जॅकवर फळी ठेवून शंभर किलोहून जड इंजिन सावकाश खाली आणले. पेट्रोलच्या नळ्या जुन्या आणि तडकलेल्या होत्या. त्या यादीत नसतानाही तेव्हाच बदलल्या, कारण एअर-कूल्ड इंजिनाला आग लागण्याचे खरे भय तिथे असते आणि मॅग्नेशियमची क्रँककेस एकदा पेटली तर ती विझवणे फार अवघड जाते.

क्लच काढून फ्लायव्हील समोर आले तेव्हा मी टॉर्च घेऊन बराच वेळ नुसता पाहत बसलो. मुख्य सील गळत असेल तर फिरणाऱ्या फ्लायव्हीलवरून तेल चहूकडे उडते आणि गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कोषाच्या आतल्या भिंतीवर चक्राकार शिंतोडे दिसतात. इथे भिंत कोरडी होती. क्लच प्लेट कोरडी होती. फ्लायव्हीलच्या मागची बाजू करडी, धुळीची. ओले होते ते फक्त कोषाच्या डाव्या कडेला, आणि ती ओल वरून खाली एका रेघेत आलेली होती. दोनदा बदललेले सील दोन्ही वेळा निर्दोष होते. तेल बाहेरून येत होते आणि सांध्याच्या फटीत शिरून तळाशी ठिबकत होते.

त्या रेघेच्या वर काय आहे हे या इंजिनाशी परिचय असलेल्या कोणालाही सांगता येईल. तिथे डाव्या बाजूला, पंख्याच्या आवरणाखाली झाकलेला ऑइल कूलर आहे. इंजिन गाडीत असताना तो दिसत नाही, आवरण काढल्याशिवाय हातही पोहोचत नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर संशय सर्वांत शेवटी जातो. आवरण उचलले. कूलरच्या बुडाशी काळे, ओले तेल साचले होते.

१९७० नंतरच्या रचनेत हा कूलर थेट क्रँककेसवर बसत नाही, मध्ये एक ओतीव जोडतुकडा असतो. त्यामुळे रबरी सील दोन नव्हे, चार लागतात. दोन जोडतुकड्याच्या खाली, दोन वर. जुन्या क्रँककेसमध्ये तेलाची भोके ८ मिलिमीटरची होती, नंतरच्या १० मिलिमीटरची. बाजारात मिळणाऱ्या गॅस्केट संचात दोन्ही मापांची सीले एकत्र येतात आणि हातात घेतल्यावर ती जवळपास सारखी दिसतात. खालच्या दोन जागी छोट्या मापाची सीले बसवलेली निघाली. मी त्यातले एक नखाने उचलले तर ते वाटोळे राहिलेच नव्हते. एका बाजूने चपटे होऊन ते मोठ्या भोकात अर्धे आत सरकले होते, आणि रबर इतके कडक झाले होते की दाबल्यावर टचकन मोडले. इंजिन बांधणाऱ्याची ही चूक सहा वर्षे कोणाच्याही नजरेस पडली नव्हती.

तरी मनात एक प्रश्न राहिला. चुकीचे सील सतत गळायला हवे, मग वास हिवाळ्यातच आणि सकाळीच का? इथे वहिनींचे बोलणे आठवले. थंडीत तेल घट्ट असते आणि पंपाचा दाब खूप चढतो. तो कूलरवर येऊ नये म्हणून क्रँककेसच्या तळाशी, पंपाच्या बाजूला एक दाबमोचक पिस्टन आणि स्प्रिंग असते. घट्ट तेल आले की पिस्टन खाली सरकतो आणि तेल कूलर टाळून थेट पुढे जाते. तो पिस्टन अडकला असेल, तर गोठत्या सकाळचा सगळा दाब त्या चार रबरी सीलांवर पडतो. रुंद पेचकसाने खालचा प्लग उघडला. स्प्रिंग खाली पडली, पिस्टन आला नाही. त्याच्या आतल्या भोकात १० मिलिमीटरचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) हलकेच फिरवून पकड घेतली आणि तो ओढून काढावा लागला. त्याच्या अंगावर करपलेल्या तेलाचा तपकिरी मुलामा चढला होता. वासाचा उलगडा झाला. सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत जे तेल बाहेर ढकलले जाई, ते डावीकडच्या हीटर पेटीवर पडून पेटी तापल्यावर करपत असे, आणि इंजिन गरम होऊन दाब उतरला की वासही जात असे. मित्र वर्षभर २०डब्ल्यू-५० हे जाड तेल वापरत होता, त्याचाही यात वाटा होता.

पिस्टन अगदी बारीक पॉलिश कागदाने साफ करून, बोटाने सोडल्यावर आपल्या वजनाने खाली घसरेल इतका मोकळा केला. फ्लायव्हीलच्या बाजूला असाच दुसरा पिस्टन असतो, तोही तपासला. तो ठीक होता. कूलरची तोंडे बंद करून, कोमट पाण्यात बुडवून आत दाबाची हवा दिली. बुडबुडा आला नाही. मग चारही सीले १० मिलिमीटरच्या मापाची घातली.

मुख्य सील निर्दोष असेल तर त्याला हात का लावायचा, यावर आमची चर्चा झाली आणि माझा कलही न लावण्याकडे होता. पण डायल गेज लावून क्रँकशाफ्टचे पुढे-मागे सरकणे मोजले तर ते ०.१८ मिलिमीटर भरले. हे अंतर ०.०७ ते ०.१३ च्या दरम्यान असावे लागते आणि ०.१५ ही झिजेची शेवटची मर्यादा. दोन सीले बदलताना हे मोजलेच गेले नसावे. ते तसेच सोडणे मला पटले नाही. फ्लायव्हील काढले, तीन शिमांचा (पातळ चकत्यांचा) नवा मेळ जुळवून अंतर ०.१० वर आणले, फ्लायव्हीलच्या आतली छोटी ओ-रिंग आणि सील दोन्ही नवी घातली आणि ३६ मिलिमीटरचा मधला नट सुमारे ३४० न्यूटन-मीटरला आवळला. एवढा जोर अंदाजाने देता येत नाही. त्यासाठी आम्ही मोठा टॉर्क पाना भाड्याने आणला.

पुशरॉड ट्यूबचे काम तुलनेने लहान होते. मूळ ट्यूब बदलायची तर सिलिंडर हेड (सिलिंडरच्या टोकावरचे झाकण) काढावे लागते, आणि उत्तम बसलेले हेड एका ट्यूबसाठी हलवणे मला योग्य वाटले नाही. म्हणून जुनी ट्यूब कापून काढली आणि तिथे स्प्रिंगवर लांबणारी दोन तुकड्यांची ट्यूब बसवली. कारखान्याच्या एकसंध ट्यूबइतकी ती टिकत नाही, हे मित्राला स्पष्ट सांगितले. टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर ठेवले. टॅपेट कव्हरची बुचाची पॅकिंग बदलताना गोंद फक्त कव्हरच्या बाजूला लावला, हेडकडची बाजू कोरडी ठेवली.

तेलगाळणीच्या प्लेटविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ती चूक घरोघरी होते. ही प्लेट सहा बारीक स्टडांवर बसते, प्रत्येक नटाखाली तांब्याचे वायसर असते आणि आवळायचे असते फक्त ७ न्यूटन-मीटरला, म्हणजे लहान पान्याने मनगटाच्या जोरावर. गळते म्हणून माणूस आणखी आवळतो, त्याने भोकांभोवती पत्रा वर उचलला जातो, मधला भाग पॅकिंगपासून सुटतो आणि गळती वाढते. आमच्या मित्राने नेमके हेच केले होते. प्लेट काचेवर ठेवली तर सहा ठिकाणी टेकत होती आणि मधे कागद आरपार जात होता. सागाच्या फळीवर उलटी ठेवून हलक्या हातोडीने एकेक उंचवटा बसवला, कागद अडकेपर्यंत. दोन स्टडांचे आटे मॅग्नेशियममधून सुटण्याच्या बेतात होते, तिथे आत पोलादी आटे बसवून घेतले.

फेरतपासणी आणि पुढचे काही महिने

इंजिन चढवले आणि नापास झाल्यापासून पंचवीसाव्या दिवशी गाडी फेरतपासणीला नेली आणि ती पास झाली. खरी परीक्षा हिवाळ्यात होती. डिसेंबरात ब्लॅक फॉरेस्टकडे जाताना उणे सहा अंशांत सकाळी गाडी सुरू केली तेव्हा मी मुद्दाम मागे बसलो होतो. वीस मिनिटे झाली, वास आला नाही. हिवाळ्यासाठी पातळ तेल घातले आहे, पातळी गाडी सपाट जागी पाच-दहा मिनिटे उभी राहिल्यावरच पाहिली जाते, आणि दर ५,००० किलोमीटरला तेल बदलताना गाळणीची प्लेट टॉर्क पान्यानेच बसवली जाते. आतापर्यंतच्या ३,२०० किलोमीटरमध्ये वरून पाव लिटरही तेल घालावे लागलेले नाही. नव्या ट्यूबच्या खालच्या टोकाला बोट लावले तर किंचित ओल लागते. ती वाढली, तर पुढच्या उन्हाळ्यात हेड काढून उजवीकडच्या चारही ट्यूब एकसंध घालायच्या, असे ठरले आहे.